चाचपडपेटी : कामाच्या नोंदी

१८ एप्रिल

परीक्षा आटोपल्या. वाचनालयाच्या काकांनी उन्हाळ्यापुरती मागची खोली द्यायचं कबूल केलंय, सकाळी साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर उन्हात नागपूरच्या महाल भागात पोट्टी, म्हणजे मुलं, घराबाहेर पडत नाहीत, पडूही नयेत. सातवी ते दहावीची, मराठी माध्यमाची चौदा मुलं येणार. विषय मीच ठरवला: स्पर्शाशी नातं सांगणारे इंग्रजी शब्द आणि त्यांची लॅटिन मुळं. काकांनी विचारलं, "स्पोकन इंग्लिश आहे ना मॅडम?" मी हो-नाहीच्या मधलं काहीतरी पुटपुटले.

कल्पना साधी आहे. हात जाईल एवढं भोक असलेली लाकडी पेटी, आत एक वस्तू. न बघता हात घालायचा, काय वाटतंय ते बोलायचं, मग त्या वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीवरच्या इंग्रजी शब्दाचं कूळ शोधायचं. 'टँजिबल म्हणजे मूर्त' असं वहीत उतरवून घेणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघतेय. त्यांना पुढे 'मूर्त म्हणजे काय' हे विचारायचं नसतं, हा आमच्यातला अलिखित करार.

२० एप्रिल

मुळांची यादी करायला बसले. पहिला मान 'तांगेरे' या लॅटिन क्रियापदाचा. अर्थ: शिवणे, हात लावणे. त्याचं धातुसाधित 'ताक्तुस', म्हणजे शिवलेलं. यातून आलेली इंग्रजी पिलावळ मोठी आहे: टँजिबल, टँजंट, टॅक्ट, कॉन्टॅक्ट, इंटॅक्ट, कंटेजन, कंटॅमिनेट. उपसर्ग लागला की लॅटिनमध्ये आतला स्वर बदलतो आणि 'तांग'चं 'तिंग' होतं. कंटिंजंट (आकस्मिक) त्या वाटेनं आला. अटेन (मिळवणे) हासुद्धा तसाच, फक्त फ्रेंचमधून येताना जास्त झिजला.

गंमत म्हणजे खुद्द 'टच' हा शब्द या घरातला नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे बोलीभाषेतल्या लॅटिनचं 'तोक्कारे', म्हणजे ठोकणे, घंटा वाजवणे. टक्‌ असा आवाज आणि त्यावरून क्रियापद. आपल्या टकटक, ठोकणे, टोकणे यांच्याशी नातं काही नाही, पण आवाजावरून क्रिया करायची खोड तीच. धोक्याची घंटा या अर्थाचा 'टॉक्सिन' याच 'तोक्कारे'चा. विष या अर्थाच्या टॉक्सिनशी त्याचा संबंध नाही. देवनागरीत दोन्ही एकसारखेच दिसतात. ही अडचण पुढेही नडणार असं दिसतंय.

२३ एप्रिल

सुतारानं पेटी दिली. बारा मिलिमीटरचा प्लाय, फूटभर लांबी-रुंदी, समोर गोल भोक, कडा पॉलिश पेपरनं घासून घेतल्या. भोकातून आतलं दिसू नये म्हणून कापडाचा पडदा लावला, तर तो हाताबरोबर आत जातो आणि वस्तूवर पसरून बसतो. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापून झालरीसारख्या खिळवल्या. आता हात आत जातो आणि पट्ट्या मागे मिटतात.

ट्यूब शोधता शोधता तो पाण्याच्या घमेल्यात दुसरी एक ट्यूब दाबत होता. बुडबुडे निघाले तिथे त्यानं बोट ठेवलं आणि पेन्सिलीनं फुली मारली. मला यादीतली पुढची ओळ मिळाली: 'पुंगेरे', टोचणे. धातुसाधित 'पुंक्तुस'. पंक्चर म्हणजे टोचून पडलेलं भोक. पॉइंट म्हणजे टोचल्याची खूण. पंक्च्युअल म्हणजे ठरल्या टिंबावर हजर असणारा. काळजाला बोचणारा पॉइन्यंटसुद्धा इथलाच, आणि नाकाला-जिभेला टोचणारा तो पंजंट. आपण तिखट म्हणतो ते 'तीक्ष्ण'वरून, म्हणजे धारदार. रोमन लोकांना मिरची माहीत नव्हती आणि आपल्याकडेही ती पोर्तुगीजांनंतरच आली, तरी झोंबणाऱ्या चवीला नाव देताना दोघांच्याही हाताशी सुई-सुरीच आली.

२६ एप्रिल

पेटीतल्या वस्तू: पॉलिश पेपर, कापसाचं बोंड, वाटीत चिंचेचा कोळ, भिजवलेला सब्जा, वाळलेली संत्र्याची साल, कोवळी काकडी, सुक्या लाल मिरच्या. शिवाय मला सगळ्यात आवडलेली एक: फळीच्या तुकड्यावर चिकटवलेली काचेची बांगडी आणि तिला बाहेरून टेकवून बसवलेली लाकडी पट्टी. डोळे मिटून बोट पट्टीवरून सरकवलं की एकाच जागी बांगडी लागते. त्याआधी फट, त्यानंतर फट. दहावीच्या भूमितीतली स्पर्शिका, म्हणजे टँजंट. हे लॅटिन नाव गणितात रूढ केलं डेन्मार्कच्या थॉमस फिंके यानं, १५८३ साली छापलेल्या पुस्तकात. तांगेन्स म्हणजे शिवणारी. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी ते अगदी हातासरशी उचललंय.

पूर्णांकाचं मात्र तसं नाही. इंटीजर म्हणजे लॅटिन 'इंतेगेर': 'इन्' नकाराचा आणि पुढे तेच 'तांगेरे'. ज्याला कोणी हात लावला नाही, म्हणून जे अख्खं आहे ते. त्याच 'इंतेगेर'चा फ्रेंचमध्ये घासून 'एंटायर' झाला. पूर्णांकात हात कुठेच दिसत नाही. आईची भाषा याहून जवळची: डब्यातले लाडू मोजताना ती "हे बिनहाताळलेले" असं म्हणते, त्याचा अर्थ अख्खे असाच असतो.

२ मे

पहिला दिवस, आणि माझ्या हातून मूर्खपणा. मिरच्या पेटीत ठेवल्या आणि नंतर हात धुवायला सांगायचं राहून गेलं. सातवीतल्या पोरानं मिरच्या चांगल्या चुरगाळून बघितल्या, "कागद होय काय?" विचारलं आणि तेच बोट डोळ्याला लावलं. पुढची दहा मिनिटं नळाखाली. त्याची आजी सोडायला आली होती, ती म्हणाली, "पोराईले मिरच्या हातात देतेत काय बाई?" उत्तर नव्हतं. मिरच्या आता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यात. नुसती कुरकुर लागते, पण पुरे.

पोराचा डोळा शांत झाल्यावर त्यानंच विचारलं, की मिरची थंड असते तर भाजल्यासारखं काऊन होते. हे मला सांगता आलं, तेवढीच भरपाई. मिरचीतलं कॅप्सेसिन त्वचेतल्या ज्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चेतवतं, तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांच्या वर उष्णतेनंही चेततो. मेंदूपर्यंत पोचणारी खबर एकच: भाजतंय. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ साली शोधला. दाब आणि स्पर्श कळवणारे ग्राहक शोधणारे आर्डेम पटापुटियन आणि ज्युलियस यांना मिळून २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पोरानं ४३ हा आकडा पकडला. "म्हणजे मॅडम, मे महिन्यात नागपूरच मिरची होते."

४ मे

दोन दिवस मुलं पेटीत हात घालून काय बोलतात ते जसंच्या तसं वहीत उतरवतेय. आज रात्री वाचून काढलं.

"गार लागते." "बाप्पा, कसं गिळगिळं लागून राहिलं!" "खरखरीत लागते, पण एका बाजूनं." "चिपचिप लागते, हात पुसू कुठे?" "मऊ लागते, आत बी लागली." "काही नाही लागलं… थांबा, लागलं."

एकाही मुलानं 'स्पर्श' म्हटलेलं नाही. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'स्पर्श' लिहून बाण काढून 'तांगेरे' लिहिलं होतं, आणि खोलीत दोन दिवस कोणी तो शब्द तोंडात घेतला नाही. इतकी वर्षं मी तांगेरेची जोडी चुकीच्या शब्दाशी लावत आले. ती 'लागणे'शी आहे.

६ मे

कालपासून डोक्यात हेच. आज भाजी निवडता निवडता मांडून बघितलं.

कंटेजन: सोबत शिवणे, त्यातून रोग. लॅटिनमध्ये 'कोंतागियो'. इटलीतल्या वेरोनाच्या फ्राकास्तोरो या वैद्यानं १५४६ साली संसर्गावर ग्रंथ लिहिला आणि रोग पसरायच्या तीन वाटा सांगितल्या: थेट शिवून, कपड्यालत्त्यासारख्या वस्तूंमधून, आणि लांबून. पुस्तकी मराठीत आपण संसर्ग म्हणतो. घरात? लागण. "त्याचे डोळे आलेत, जवळ बसू नको, तुला लागतील." लागण हे कंटेजनचं भाषांतर म्हणून कोणी बसून घडवलेलं नाही. कोंतागियो ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं आपलं आपण चालत गेलंय.

कंटिग्युअस: शिवून असलेलं. लागून. "आमच्या घराला लागून किराणा दुकान आहे." लगत, सलग हेही तेच.

अटेन: हात पोचून शिवणे. हाती लागणे.

चव या अर्थाचा टेस्ट: जुन्या फ्रेंचमध्ये 'तास्ते' म्हणजे आधी हातानं चाचपणे, मग जिभेनं. इटालियनमध्ये आजही 'तास्तारे' म्हणजे चाचपणे, आणि जर्मनमध्ये कीबोर्डवरच्या बटणाला 'टास्टं' म्हणतात. आपल्याकडे? गोड लागतं. कडू लागतं. जीभ शिवते, चव लागते.

कंटिंजंट: लॅटिन 'कोंतिंगेरे' म्हणजे शिवणे आणि त्यातून वाट्याला येणे, घडणे. ग्रहण लागतं, दृष्ट लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. सरकारी मराठीत कंटिंजन्सी म्हणजे आकस्मिक. आईच्या मराठीत साखरेच्या डब्याखाली घडी करून ठेवलेली पाचशेची नोट: "लागलं तर असू दे."

टॅक्स आणि टास्क मी मुद्दाम बाजूला ठेवले. ते तांगेरेच्या घरातले की ग्रीक घरातले, यावर कोशकार भांडतात. "कर लागतो" असं म्हणायचा मोह झाला, पण आवरला.

नातं रक्ताचं नाही हे मुलांना बजावून सांगायला हवं. 'लागणे' संस्कृत 'लग्'वरून, आणि त्या 'लग्'चा तांगेरेशी काही संबंध नाही. दोन वेगळ्या गावचे दोन म्हातारे, सवयी मात्र सारख्या. आणि 'लग्'चा गोतावळासुद्धा काही लहान नाही. लग्न म्हणजे लागलेलं, जोडलेलं. न लागलेलं ते अलग. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न. २०२० साली आपल्या तोंडी बसलेला 'विलगीकरण' हा शब्द बघा: लागण होऊ नये म्हणून विलग. दोन्हीकडे तोच धातू, आणि इतके महिने तो शब्द उच्चारूनही मला दिसला नव्हता.

जोडी जमत नाही तिथे सोडून दिली. "मनाला लागलं" म्हणजे दुखावलं, पण इंग्रजीत टचिंग म्हटलं की डोळे पाणावतात ते चांगल्या अर्थानं. आणि टॅक्ट? समोरच्याला न दुखवता बोलायचं भान. 'लागणे'त काही सापडेना. मग आईच म्हणाली, जावयाबद्दल बोलत होती, "माणूस चांगला, पण पोच नाही." पोच! पोचणे म्हणजे हात तिथवर जाणे. लॅटिननं शिवण्यावरून काढलं, मराठीनं पोचण्यावरून. जावयाचे उपकार.

९ मे

खोटे नातेवाईक. मुलांना मूळ शोधायची चटक लागलीय आणि आता 'ट' आणि 'ग' दिसला की तांगेरे. आठवीतल्या मुलीनं रंगांच्या पेटीवर 'टँजरीन' वाचलं आणि उड्या मारत आली: संत्रं हातानं सोलतात म्हणून तांगेरे! इतकं सुंदर चुकलेलं उत्तर खोडायला जिवावर आलं. टँजरीन मोरोक्कोतल्या टँजिअर या बंदराच्या नावावरून आला. पण तिला रिकाम्या हाती पाठवलं नाही. आपल्या नागपुरी संत्र्याचं शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. 'रेटिकुलुम' म्हणजे छोटी जाळी. सालीच्या आतून फोडींवर राहणारे पांढरे धागे आठवावेत. आमच्या पेटीतल्या सालीला आतून बोट लावलं की ते वाळलेले धागे अजून लागतात.

टॅक्टिक ग्रीक, सैन्य मांडणे यावरून. टॅक्टफुल आणि टॅक्टिकल ही सख्खी भावंडं वाटतात, पण एकाच बाकावर बसलेले दोन अनोळखी प्रवासी आहेत. टँगल, म्हणजे गुंता, उत्तर युरोपाकडून आलेला. टँगो नाचही तांगेरेचा नाही: लॅटिनमध्ये 'तांगो' म्हणजे 'मी शिवतो' हे खरं, पण तो योगायोग.

१२ मे

वहिनी फिजिओथेरपिस्ट, तिला तासभर बोलावलं. तिनं एका मुलाचा खांदा धरून तपासायचा क्रम दाखवला: आधी बघायचं, मग चाचपायचं, गरज पडली तर ठोकून बघायचं, मग नळी लावून ऐकायचं. चाचपण्याला ते पॅल्पेशन म्हणतात, लॅटिन 'पाल्पारे', अलगद हात फिरवणे. पॅल्पेबल त्यातून, आणि धडधडणारा पॅल्पिटेशनही. वहिनी म्हणाली, नवे विद्यार्थी बोटांच्या टोकानं दाबतात आणि पेशंट आखडतो. बोटांचा सपाट भाग ठेवला की स्नायू आपोआप सैल पडतो. मुलांनी एकमेकांच्या खांद्यावर करून बघितलं. फरक खरंच कळतो.

१५ मे

इंटॅक्ट शिकवत होते. 'इन्' अधिक 'ताक्तुस', न शिवलेलं, म्हणून जसंच्या तसं. दहावीतल्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, म्हणजे शब्दशः अस्पृश्यच झालं ना?"

नागपुरात हा प्रश्न येणारच होता, आणि मी त्याची तयारी केली नव्हती. येताना रोज दीक्षाभूमीचा घुमट ओलांडून येते तरी. दोन मिनिटं मागितली आणि फळ्यावर दोन्ही शब्द फोडून लिहिले. इंटॅक्टमधलं 'ताक्तुस' हे घडून गेलेल्या गोष्टीचं रूप आहे: कोणी शिवलं नाही, एवढंच. अस्पृश्यमध्ये शेवटी 'य' आहे, वंद्य, पूज्य, त्याज्य यांतला. वंद्य म्हणजे वंदन करावं असा. म्हणजे अस्पृश्य: शिवू नये असा.

ती बघत राहिली आणि म्हणाली, "एकात काय झालं ते लिवलं. दुसऱ्यात हुकूम आहे."

यापुढे मला बोलायला फारसं उरलं नाही. संविधानाचं सतरावं कलम तो हुकूम रद्द करतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिच्या पणजोबांनी इथेच दीक्षा घेतलेली. मी पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली उद्देशिका काढायला सांगितली. 'राष्ट्राची एकता आणि एकात्मता'. इंग्रजीत एकात्मतेच्या जागी इंटेग्रिटी आहे, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलेला शब्द. इंतेगेरचाच: न शिवलेलं, म्हणून अख्खं. तिनं पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली.

त्याच तासाला एकानं विचारलं की कपडे शिवणे आणि हात शिवणे एकच का. नाही. स्पर्शाचं शिवणे प्राकृतातल्या 'छिव'वरून, टाक्यांचं संस्कृत 'सिव्'वरून. त्या 'सिव्'चे लांबचे नातेवाईक म्हणजे इंग्रजीतला शिवणे या अर्थाचा 'सो' आणि डॉक्टरांचं सूचर, म्हणजे टाका. या शब्दांसाठी पेटीत वस्तू ठेवली नाही.

१९ मे

मुलांना इतवारीच्या सराफ्यात नेलं, सकाळी दुकानं उघडायच्या वेळी. एका म्हाताऱ्या कारागिरानं काळ्या दगडावर माझी अंगठी घासून दाखवली. पिवळी रेघ. शेजारी पितळेच्या किल्लीची रेघ, पहिल्या नजरेला सारखीच. काचेच्या काडीनं दोन्हींवर तेजाबाचा थेंब. पितळेची रेघ बुडबुडून दिसेनाशी झाली, अंगठीची राहिली. एक मुलगा श्वास रोखून बघत होता. आपली अंगठी खोटी निघावी अशी त्याची इच्छा असावी. आता सगळीकडे मशीन आलंय, दगड फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी, असं कारागीर म्हणाले.

हा दगड म्हणजे इंग्रजीत टचस्टोन. मराठीत कसोटी, 'कषपट्टिका'वरून, घासायची पाटी. इंग्रजीतला परीक्षेचा टेस्ट मात्र शिवण्यावरून नाही: लॅटिन 'तेस्तुम्', मातीचं भांडं, ज्यात धातू वितळवून पारखत. म्हणजे जामठ्याच्या स्टेडियमवर २००८ पासून जो खेळ होतो, त्याचं इंग्रजी नाव सोनाराच्या मुशीतून निघालंय आणि मराठी नाव सोनाराच्या दगडावरून. कसोटी क्रिकेट हे भाषांतर ज्याला सुचलं त्याला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. शब्द बरोबर दुकानात जाऊन बसलाय.

परतताना तर्री-पोहे. "तिखट टचिंग आहे मॅडम," असं एकजण म्हणाला. चालवून घेतलं.

२२ मे

नववीतला एक मुलगा ब्रेल वाचतो. पेटीच्या खेळात तो सगळ्यांना हरवतो. बांगडीला बोट लागताच "स्पर्शिका" म्हणाला आणि पुढे गेला. चिठ्ठ्या मात्र त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवाव्या लागतात, म्हणून ब्रेल स्लेट आणि स्टायलस आणून रात्री दोनपर्यंत जाड कागदावर टिंबं टोचली. सकाळी कोवळ्या काकडीला 'टेंडर'ची चिठ्ठी बांधून दिली.

त्यानं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "डब्ल्यू… आय… एफ… मॅडम, पेटीत वायफाय आहे काय?"

टिंबं टोचायची कागदाच्या एका बाजूनं आणि वाचायची दुसऱ्या बाजूनं, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं लिहायचं असतं. मी सरळ लिहिलं. त्यामुळे शब्द शेवटाकडून सुरू झाला, आणि आरशात आर चा डब्ल्यू, ई चा आय, डी चा एफ होतो. तीस चिठ्ठ्या वाया. लुई ब्रेलनं ही लिपी १८२४ साली बांधली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, मी बेचाळीस. मुलानं स्लेट मागून घेतली आणि अर्ध्या तासात सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं टोचल्या. स्टायलसचा आवाज घड्याळासारखा एकसुरी येत होता.

टेंडरवरून वेगळाच गोंधळ. बाकीच्या मुलांना टेंडर म्हणजे रस्त्याचं निघतं ते. तो टेंडर 'तेंदेरे'वरून, पुढे करणे, ताणणे. आपला ताण, तंतू त्याचे चुलत. काकडीचा टेंडर 'तेनेर', कोवळा. "काकडीचं टेंडर" हा आता वर्गातला विनोद आहे, थांबायचं नाव नाही.

२५ मे

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. खोलीतला कूलर गरम वाफच फेकतोय, पाणी टाकून टाकून काका वैतागले. अकरा जणच आले.

फळ्यावर एकच शब्द लिहिला: टेपिड. म्हणजे कोमट, लॅटिन 'तेपेरे'वरून. आणि हा रक्ताचा नातेवाईक आहे, लागणेसारखा शेजारी नाही: संस्कृत 'तप्' आणि 'तेपेरे' एकाच मुळाचे. तिकडे गेलेला भाऊ कोमट राहिला, इकडचा नऊ दिवस आग ओकतो. असे सख्खे आणखी आहेत, सगळे हाताला कळणारे: मृदु आणि 'मोल्लिस', तनु आणि 'तेनुइस', गुरु आणि 'ग्राविस', लघु आणि 'लेविस'. मोल्लिसचा इमोलियंट त्वचेच्या मलमांवर लिहिलेला असतो. एका मुलीनं घरून ट्यूब आणून दाखवली, बारीक अक्षरांत खरंच होता.

साडेआठलाच सोडलं.

३० मे

शेवटचा तास. प्रत्येकानं एक वस्तू आणि तिचा शब्द आणायचा होता. लाजाळूची कुंडी एकानं आणली, मिमोसा पुडिका, लॅटिनमध्येही लाजरीच. पेटीत ठेवली तर पहिल्याच हातानं पानं मिटली आणि पुढच्या तेरा जणांना नुसत्या काड्या लागल्या. दुसऱ्यानं आपल्या आजोबांची दाढी आणायची होती असं सांगितलं. एकजण काहीच न आणता आला. पेटी रिकामी ठेवून सगळ्यांना हात घालायला लावला आणि शब्द विचारला तर म्हणाला, इंटॅक्ट. त्याला पूर्ण गुण.

काकांनीही अखेर हात घातला. आत सब्ज्याची वाटी होती. "अरे बाप्पा," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

उरलेली कामं: काकडी फेकून द्यायची. चिंचेची वाटी काकांना परत. ट्यूबच्या तीन पट्ट्या फाटल्यात. पंक्चरवाला म्हणतो मोटरसायकलची लावा, जाड असते, टिकेल. उद्या देतो म्हणालाय.